उघडा ठेवलेला सांधा

कुठल्याही लोखंडी जिन्यावर पाय ठेवण्याआधी मी कठड्याच्या बुडाशी वाकून बघते. नातवाला याची लाज वाटते. बँकेत, दवाखान्यात, त्याच्या पुण्यातल्या सोसायटीत, कुठंही गेलो तरी मी पिशवीतली किल्ली काढते आणि खांब जिथं खालच्या पट्टीला जोडलेला असतो तिथं टकटक करते. "आज्जी, लोक बघतायत," तो म्हणतो. बघू देत. लोक कठडा हाताला लागतो का एवढंच बघतात, मी त्याचा पाय बघते. चांगला सांधा खणखणीत बोलतो. आतून खाल्लेला सांधा ओल्या लाकडावर मारल्यासारखा आवाज देतो, मग वरून रंग कितीही चकचकीत असो. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ओतुरात ते चांगले वेल्डर म्हणून माहीत होते. पिंपळवंडीत मात्र अजूनही कुणी म्हातारं माणूस भेटलं की त्यांची ओळख वेगळी सांगतं, ज्याच्या कठड्यानं स्वतःचाच जावई मारला तो वेल्डर. त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. नाहीतर माझ्या आयुष्यात कागदावर उतरवण्यासारखं फारसं काही नाही, आणि होतं ते चुलीत गेलं.

ओतूरला एसटी स्टँडच्या अलीकडे आमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये गोणपाटाचा पडदा. त्या पडद्यानं ना धूर अडायचा ना आवाज. वेल्डिंगचं मशीन दिवसभर घुमायचं, आणि अण्णांनी रॉड टेकवला की स्वयंपाकघरातला बल्ब मिणमिणायचा. आई भाकरी थापता थापता वर बघायची आणि म्हणायची, "बसले चिकटून. आता हाका मारून काय उपेग न्हाई." बल्ब स्थिर झाला की ती ताट वाढायला घ्यायची. आमच्या घराला घड्याळ नव्हतं असं नाही, पण जेवणाची वेळ बल्ब सांगायचा. जळक्या रॉडचा वास आमच्या कपड्यांना, उशांना, आईच्या लोणच्याच्या बरणीला सगळ्यांना लागलेला. शाळेतल्या मुली माझ्याजवळ बसताना नाक मुरडायच्या. मला तो वास कळायचाच नाही. संध्याकाळी अण्णांचे डोळे लाल होऊन चुरचुरायचे, मग ते अंगणात उताणे पडायचे आणि आई त्यांच्या पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. चकत्या डोळ्यांवर असतानाच ते विचारायचे, "आज मासवडी हाय का?" मासवडी आईपेक्षा माझी थोरली बहीण चांगली करायची. तिला मी आक्का म्हणायचे. बेसनाच्या पोळीत खोबरं, तीळ आणि लसणाचं सारण भरून ती जी वळायची ती एकही कडेनं सुटायची नाही, आणि रस्सा असा की नाकातून पाणी. अण्णा म्हणायचे, "माझ्यापरीस हिचे सांधे बरे."

आम्ही दोघी बहिणीच. अण्णांना मुलगा नाही म्हणून लोकांनाच जास्त काळजी. आक्काला दुकानात यायला आवडायचं नाही, मला मात्र हाकललं तरी मी तिथून हलायचे नाही. गिऱ्हाईक मला बघून म्हणायचं, "अण्णा, पोरीच्या हातात हातोडी?" अण्णा डोळ्यांपुढची काच वर करून म्हणायचे, "लोखंडाला कळत न्हाई राव, हात पोराचा हाय का पोरीचा." माझं काम वेल्डिंगनंतरचं. रॉड जळून गेला की जोडावर काळी काचेसारखी कवची बसते. ती टोकदार हातोडीनं पाडायची. पाडली की आतून चांदीसारखी रेघ निघते. मग तारेच्या ब्रशानं ती घासायची, फडक्यानं पुसायची, आणि त्याच दिवशी, हवेतलं पाणी तिला लागायच्या आत, लाल रंगाचा पहिला हात द्यायचा. तो लाल म्हणजे रेड ऑक्साइड, गंजाला अडवणारा. तो वाळला की दुसरा हात, आणि मग गिऱ्हाइकाला हवा तो हिरवा नाहीतर निळा. कवची तशीच ठेवून वरून रंग मारला तर कुणाला कळत नाही. एक पावसाळा जातो, दुसरा जातो. कवचीच्या खाली पाणी शिरतं आणि आतल्या आत लोखंड खात बसतं. "गंज पत्र्याला लागत न्हाई गं," अण्णा म्हणायचे, "सांध्याला लागतो. भांडण कुठं लागतं? दोन घरं जिथं जोडली तिथंच ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचे. माझ्या नखांत तो लाल रंग बारमाही असायचा. आई देवाला शिवू द्यायची नाही, म्हणायची आधी रॉकेलनं हात धू.

अण्णांना सांध्याचं हे वेड आहुप्याच्या पावसानं लावलं. तरुणपणी त्यांनी डिंभ्याच्या वर, आहुप्याला, देवराईच्या वाटेवर एका घंटेचा लोखंडी सांगाडा उभा केला होता. तिथं चार महिने पाऊस रपरपतो, कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही. दुसऱ्याच वर्षी तो सांगाडा एका सांध्यातून वाकला. कुणाला लागलं नाही, पण तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना एवढंच म्हटलं, "पावणं, आमच्या देवराईतली वाळकी फांदी आमी तोडत न्हाई, आन तुमचं लोखंड आपल्या आपणच पडतंय व्हय?" ते अण्णांना फार लागलं. तेव्हापासून दरवर्षी पावसाळा ओसरत आला की ते सायकलला, पुढे मोटारसायकलला, हातोडी आणि रंगाचा डबा अडकवून निघायचे आणि आपण केलेली बाहेरची कामं फिरून बघायचे. पाण्याच्या टाकीचे स्टँड, शाळेचं फाटक, जिने. पैसे कुणी द्यायचं नाही, ते मागायचेही नाहीत. सांध्यावर हातोडी वाजवायची, कान लावायचा, कुठं रंगाचा फुगारा दिसला तर खरवडायचा. मी बरोबर असले की आधी मला ऐकायला लावायचे. "काय म्हणतो?" मी सांगायचे. चुकले तर नुसतं डोकं हलवायचे. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्या फेऱ्यांइतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

आक्काला पिंपळवंडीला दिली. जावई शेती करायचे, टोमॅटोचा माल घेऊन नारायणगावला जायचे आणि हसायला लागले की शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं. मी त्यांना दाजी म्हणायचे, ते मला "वेल्डरीणबाई" म्हणायचे. माझ्या नखांतल्या लाल रंगावरून मला लाजवायचे नाहीत असे ते पहिलेच पाहुणे. "ही मेंदी उतरत न्हाई, आपल्याला हीच आवडती," म्हणायचे. त्यांचं स्लॅबचं घर होतं, पण वर जायला बांबूची शिडी. लोक लेकीला कपाट देतात, पलंग देतात, अण्णांनी आहेरात लोखंडी जिना दिला. जिना आणि वर स्लॅबच्या कडेनं कठडा. लग्नाच्या घाईत तो रात्रंदिवस चालला होता. त्या सगळ्या जोडांच्या कवच्या मी पाडल्या, रंग मी दिला. फक्त एक गोष्ट मला नीट आठवत नाही, आणि इतकी वर्षं तीच मला झोपू देत नाही. कठड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाचं आतलं अंग, भिंतीला टेकणारं, तिथं हातोडी शिरत नव्हती. मी तिथली कवची छिन्नी घालून काढली, का नंतर काढू म्हणून तशीच राहिली आणि वरून रंग गेला? कितीही डोळे मिटले तरी ते दिसत नाही.

आक्काचा मुलगा दोन वर्षांचा झाला त्या साली, भाद्रपद सरताना, मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. पितृपंधरवडा चालू होता आणि घरात दसरा काढायचा होता. आमच्याकडे घट बसायच्या आत घरातली चिंधीन् चिंधी धुऊन निघते. गोधड्या, वाकळा, पडदे, सगळं कालव्यावर न्यायचं, बडवायचं आणि निथळत घरी आणून वाळत टाकायचं. आक्काच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या माहेरी मेंढरं, त्यामुळे त्या घरात जाडजूड घोंगड्याही होत्या. ओली घोंगडी उचलायला दोन बायका लागायच्या. दरवर्षी त्या गोधड्या आणि घोंगड्या कठड्यावर पडायच्या आणि त्यांचं पाणी दोन-दोन दिवस त्या कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी ठिपकत राहायचं. आहुप्याचा पाऊस आम्ही बायकांनीच त्या सांध्यावर आणून सोडला होता, आणि आमच्यातल्या एकीलाही ते सुचलं नाही. मला तर सुचायला हवं होतं.

त्याच दिवसांत अण्णा त्यांच्या फेरीवर आले. लेकीच्या घरचं पाणी पिऊन वर गेले, हातोडी वाजवत कोपऱ्यात आले आणि थांबले. मला हाक मारली. "ऐक." मी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मलाही कळलं आहे. छिन्नी लावताच रंगासकट लोखंडाचे पापुद्रे निघाले, शिळ्या भाकरीचे निघतात तसे. ते खाली आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "उद्या मशीन घिऊन येतो. कोपऱ्याचा खांब बदलाया पाहिजे." आत्याबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. "पक्ष चालू हाय पावणं. पक्षात कुणी घरात लोखंड आणतं का? परवा म्हाळ हाय. घट बसले की या." लेकीच्या सासरी बाप वाद घालत नाही. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग बांधावरची बाभळीची एक मोठी फांदी तोडून आणली आणि तारेनं त्या कोपऱ्यावर आवळून बांधली. मला म्हणाले, "हितं कुणाला रेलू द्यायचं न्हाई. आन एक, ह्याला रंग लावायचा न्हाई. उघडा ऱ्हाऊ दे. उघडा गंज दिसतो तवर माणूस जपून वागतंय." आक्का तिथंच होती, तिनंही ऐकलं. रंगाचा डबा मात्र ते आमच्याकडेच ठेवून गेले, घट बसल्यावर लागेल म्हणून.

म्हाळाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. वाटेवरून येणाऱ्याला पहिल्यांदा तो कोपराच दिसायचा, तपकिरी, खरवडलेला, त्यावर बाभूळ. "उद्या पित्रं जेवाया यायची," त्या म्हणाल्या, "आन वर काटं? सारी भावकी यील, काय म्हणंल? काढा ते. आन जरा रंगाचा हात फिरवून घ्या, लई वंगाळ दिसतंय." मी आक्काकडे बघितलं. आक्का म्हणाली, "अण्णांनीच दिलेला जिना हाय गं. तीन वर्सात गंजला म्हणत्याल. पावणं गेलं की लगीच काटं परत बांधू." मला ते पटलं, हे मी लपवणार नाही. अण्णांच्या नावाला बोल लागू नये म्हणून अण्णांचाच शब्द मोडायचा, हा शहाणपणा आम्हा दोघींचा. मी काटे सोडले. पापुद्रे निघाल्यानं पडलेले खड्डे मी रंगानंच भरून घेतले, लालचा हात दिला, दुपारी वाळल्यावर हिरवा. काम मी इतकं सुबक केलं की संध्याकाळी खालून बघितलं तर कुठला खांब आजारी आहे ते मलाही ओळखू येईना.

काटे बांधलेले बघून दाजी त्याच रात्री लांबच्या बाजाराला माल घेऊन गेले होते, ते म्हाळाच्या दिवशी पंगतीच्या वेळेला आले. खीर, वडे, कढी, अळूवडी, गवार-भोपळ्याची भाजी. मी वाढत होते. पंगत अंगणातच होती. जेवता जेवता त्यांनी वर बघितलं आणि आक्काला विचारलं, "अण्णांनी केला का खांब नीट? काटं दिसत न्हाईत." पंगतीत त्यांचे चुलते होते, भावकीतली दहा माणसं होती. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आक्काच्या हातात कढीचं भांडं होतं. ती म्हणाली, "झालं." मी तिच्या मागेच वड्यांची परात घेऊन उभी होते. आत्याबाई चुलीपाशी होत्या. तिघींनाही ठाऊक होतं, आणि तिघीही वाढत राहिलो. मला वाटलं, पंगत उठली की दाजींना बाजूला घेऊन सांगू. आक्कालाही तसंच वाटलं होतं, तिनं मला नंतर सांगितलं.

पंगत उठली आणि पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. वर सगळी धुणी होती. दाजी हात पुसत पुसतच जिना चढले, वरून आम्हाला ओरडून म्हणाले, "खाली उभ्या ऱ्हावा, गोधड्या झेला!" दोन-तीन गोधड्या त्यांनी टाकल्या, आम्ही झेलल्या. शेजारची पोरं हसत होती. घोंगडी कठड्याच्या बाहेरच्या अंगाला लोंबत होती. ती ओढायला ते कोपऱ्यात रेलले. मी हाक मारली. मी नक्की हाक मारली, "दाजी, तिथं नको." ते माझ्याकडे बघून हसले, ऐकू आलं नसावं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. खांब बुडातून निघाला, कठडा बाहेर झुकला, आणि दाजी आणि घोंगडी दोन्ही धुण्याच्या दगडावर आले. घोंगडी वर पडली होती, त्यामुळे ते दिसत नव्हते. आक्का ती ओली घोंगडी एकटीच उचलायला बघत होती आणि ती तिला उचलत नव्हती.

अण्णांना ओतूरहून यायला दोन तास लागले. तोवर सगळं संपलं होतं. ते थेट वर गेले. मीही मागोमाग गेले, का गेले माहीत नाही. ते मोडलेल्या खांबाच्या बुडाशी बसले आणि त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. वरचा हिरवा रंग अजून पुरता कडक झाला नव्हता, अंगठ्याला लागला. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि नखं बघितली. मी म्हणाले, "अण्णा, आमी..." त्यांनी माझी मूठ आपल्या मुठीत घट्ट मिटवली. "गप," म्हणाले. तेवढंच.

अंगणात चुलते ओरडत होते. "खांब खराब हाय ते ठावं व्हतं ना? मंग रंग कुणी लावाया लावला? झालं म्हणून हिला कुणी सांगितलं?" आक्का भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पोर. तिनं तोंड उघडलं होतं. ती बोलणार होती हे मला दिसलं, अण्णांनाही दिसलं. बावीस वर्षांची विधवा, आणि ते "झालं" तिनं ठाऊक असून म्हटलं असं त्या अंगणात कळलं असतं तर तिला त्या घरात कुणी पाणी दिलं नसतं, पोरगाही ठेवून घेतला असता. अण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून म्हणाले, "म्या सांगितलं. म्हणलं सध्या रंग द्या, घट बसस्तवर चालंल. चूक माझी हाय." आत्याबाई लेकाच्या उशाशी होत्या. त्यांनी मान वर करून अण्णांकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि पदर तोंडावर ओढून घेतला. चुलते म्हणाले, "पुन्यांदा ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. तुमचं आन आमचं संपलं." अण्णांनी हात जोडले. लेकीकडे न बघता ते चालत सुटले, आणि मी त्यांच्या मागून. आळेफाट्यापर्यंत आम्ही चालतच गेलो. ते वाटेत एकदाच बोलले. "त्यो मला आवडायचा," म्हणाले.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब फारसा मिणमिणला नाही. अण्णांनी उंचीचं काम सोडलं. कोळपी, शेगड्या, जमिनीवर टेकून राहील असं काहीतरी करायचे. पावसाळा सरला की जुन्या कामांची फेरी मात्र चुकवली नाही, फक्त पिंपळवंडी वगळून. आक्का माहेरी येत नव्हती, तिला येऊ देत नव्हते. पहिल्या वर्षी तिनं ओळखीच्या कंडक्टरच्या हाती मासवडीचा डबा धाडला. अण्णांनी डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि आईला म्हणाले, "तुमी खावा." दुसऱ्या वर्षी डबा आला नाही. तिकडं कळलं होतं.

पण एक गोष्ट राहिली. त्यांचं घर रस्त्यावरून दिसायचं. अण्णा सर्वपित्रीच्या आसपास नारायणगावची एसटी धरायचे, खिडकीशी बसायचे, आणि दुसऱ्या एसटीनं परत यायचे. मी एकदा बरोबर गेले तेव्हा कळलं. आक्कानं कठडा नव्यानं बसवून घेतला होता आणि ती दरवर्षी स्वतः त्याचे सांधे खरवडून त्यांना लाल रंगाचा हात द्यायची. हिरवा मात्र आठवडाभर द्यायची नाही, लाल तसाच ठेवायची. एसटीच्या खिडकीतून तो लाल ठिपक्यांचा कठडा दिसायचा. बाप बघतो हे तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. अण्णा मान वळवून वळवून बघायचे आणि घर मागे पडलं की म्हणायचे, "कोपरा नीट घासलाय." बाप-लेकीचं एवढंच बोलणं, वर्षातून एकदा, आणि ते सोळा वर्षं चाललं. मी सोळा वर्षं गप्प राहिले. माझं लग्न झालं, मुलं झाली, मी लोकांच्या जिन्यांवर किल्ल्या वाजवत फिरले. दरवर्षी ठरवायचे, पिंपळवंडीला जायचं आणि त्या अंगणात उभं राहून सांगायचं. दरवर्षी वाटायचं, आक्काचं काय होईल, आणि तेवढ्यानं माझी सुटका व्हायची.

अण्णा गेले तेव्हा आक्काला येऊ दिलं, पण दहाव्याला. नदीच्या घाटावर पिंड ठेवले होते आणि आम्ही सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघत होतो. कावळे पुष्कळ होते, समोरच्या पिंपळावर बसून ओरडत होते, खाली एकही येत नव्हता. आई म्हणाली, मासवडी ठेवा. ती आक्कानं आणलीच होती, ती ठेवली. आला नाही. नातेवाईक आपापलं बोलून गेले, "सगळ्यांचं बघतो, काळजी नको." आला नाही. तेव्हा काठी टेकत आत्याबाई पुढे आल्या. त्या येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. मी आणि आक्का पिंडाच्या जवळ होतो म्हणून आम्हालाच ऐकू आलं. त्या वाकून म्हणाल्या, "पावणं, तुमचा इमान खरा व्हता. तुमी उघडा ठिवला व्हता. काटं म्या काढाया लावलं, रंग म्या द्याया लावला. त्या दिशी मला बोलता आलं न्हाई. लेक गेला व्हता, आन त्यो माझ्या पायी गेला हे मला सोसलं नसतं. तुमी घेतलं, म्या घिऊ दिलं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. सोळा वर्षं या बाईला ठाऊक होतं, आणि सोळा वर्षं माझा बाप एसटीच्या खिडकीतून लेकीचा कठडा बघत होता. मी म्हणाले, "हे ते जित्ते असताना बोलायचं व्हतं." आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. "तू तरी कवा बोललीस बाय?" त्या म्हणाल्या. मग आम्ही तिघीही वर पिंपळाकडे बघत राहिलो. मला वाटत होतं आता येईल, आता तरी येईल. ऊन चढलं. कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पाय धुवायला नदीकडे गेले.

आत्याबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. आक्का अजून त्याच घरात आहे, गुडघे धरून जिना चढते, रंग आता सून देते. तिच्या मुलाला त्याच्या आज्याबद्दल तेच ठाऊक आहे जे साऱ्या गावाला आहे. गेल्या महिन्यात मी तिला फोन केला आणि म्हटलं, मी हे लिहिणार आहे, तुझा "झालं" हा शब्दही त्यात येईल. मागे कुणीतरी भांडी घासत होतं ते ऐकू येत होतं. मग म्हणाली, "लिही. पोराला वाचू दे आता. म्या सांगाया गेले की तोंड आवळतं."

म्हणून, बाळा, तुझ्यासाठी साध्या शब्दांत. तुझ्या आज्यानं तो सांधा कान लावून ओळखला होता. त्यानं तो खरवडून उघडा ठेवला होता आणि त्यावर काटे बांधले होते. काटे मी सोडले. रंग मी दिला.